राजदूत मोटारसायकलची घरगुती जुळणी (मराठवाडा)

बंद पडलेली राजदूत १७५ ही मोटारसायकल घरच्या अंगणात पूर्ण खोलून, झिजलेले भाग बदलून किंवा लेथवर दुरुस्त करवून पुन्हा चालती करण्याचा प्रघात. मराठवाड्यात तो शेतकरी व दूधवाल्यांच्या घरांत आणि अलीकडे हौशी मंडळींतही आढळतो. मिस्त्रीला येथे ठरावीक कामांपुरतेच गाठतात : सिलिंडर बोअर करणे (आतली झिजलेली भिंत कापून रुंद करणे), क्रँक (पिस्टनच्या चालीने फिरणारा दांडा) दाबून बसवणे आणि वेल्डिंग. बाकीचे घरीच उरकते.

राजदूतच्या वंशावळीबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार ती जर्मनीच्या डीकेडब्ल्यू आरटी १२५ ची वारसदार होय. दुसऱ्या महायुद्धानंतर हा आराखडा जेत्या राष्ट्रांच्या हाती गेला. ब्रिटनची बीएसए बँटम, अमेरिकेची हार्ले-डेव्हिडसन १२५, सोव्हिएत मॉस्क्वा व पुढे जपानची यामाहा वायए-१ (१९५५) या गाड्या त्यावरूनच निघाल्या. पोलंडमध्येही त्याच्या आवृत्त्या बनल्या. दुसरे मत थेट उगम पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीत शोधते. किएल्त्से शहरातील या गाडीच्या परवान्यावर एस्कॉर्ट्स कंपनीने बहुधा साठच्या दशकाच्या पूर्वार्धात राजदूतचे उत्पादन सुरू केले. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. आरटी १२५ च्या सिलिंडरचा व्यास ५२ मिमी. व धाव (पिस्टनची वरखाली चाल) ५८ मिमी., म्हणजे क्षमता सु. १२३ घ. सेंमी.; एम-११ व राजदूत या दोहोंची १७३ घ. सेंमी.च्या आसपास. शिवाय मागच्या बाजूला खिळवलेल्या लांब बाहूवर पुढचे चाक झुलवण्याची राजदूतची ठेवण एम-११ चीच आहे. जर्मन नाते अगदीच नाकारावे असे नाही. पण ते फार तर आजोळचे. आरटी १२५ चे पिस्टन व त्यावरच्या रिंगा (कड्या) राजदूतला लागत नाहीत, एवढा व्यावहारिक निष्कर्ष त्यातून निघतो.

मराठवाड्यात सुट्या भागांची उपलब्धता सर्वत्र सारखी नाही. वाळूज येथे बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाल्यावर परिसरात दुचाकींचे सुटे भाग व लेथकाम यांचा जम बसला. तथापि ते प्रामुख्याने नव्या गाड्यांसाठी. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळवून सळया होतात, तेव्हा भंगारवाल्याच्या काट्यावर एकदा चढलेली चेसी (गाडीचा सांगाडा) परत मिळण्याची आशा थोडीच.

यंत्राचा खरा कस क्रँककेसवर, म्हणजे क्रँकभोवतालच्या बंद कवचावर, लागतो. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढले जाते व तेथून सिलिंडरमध्ये ढकलले जाते. म्हणून क्रँककेस हवाबंद असणे अनिवार्य. गाडी वर्षानुवर्षे गोठ्यात उभी राहिली की क्रँकची ऑईल सील (हवा व तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) कडक होऊन चिरतात. मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज निर्माण करणाऱ्या भागाच्या) बाजूचे सील गेले तर बाहेरची हवा शिरून मिश्रण पातळ होते (त्यात हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन आपोआप भरधाव फिरते, तापते आणि पिस्टन जाम होतो. मराठवाड्यातील उन्हाळ्यात हा धोका वाढतो. क्लचच्या बाजूचे गेले तर गिअरबॉक्सचे ऑईल ओढले जाऊन सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो व गिअर ऑईल वरचेवर कमी होते. अशा धुरावर पुष्कळजण कार्बोरेटर (पेट्रोल व हवा मिसळणारा भाग) उघडून बसतात, ते व्यर्थ. नवे सील बसवताना त्याच्या कडेला ऑईलचे बोट लावावे. कोरडे ठोकल्यास सीलचा ओठ (आतली पातळ कड) दुमडतो.

बोअर करण्यापूर्वी पिस्टन विकत आणून लेथवाल्याच्या हातात द्यावा, कारण सिलिंडर पिस्टनच्या मापाने कापायचा असतो. रिंगेची फट खाचेतील पिनेवर यावी लागते. पिन चुकवून सिलिंडर चढवल्यास रिंगेचे टोक पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतील भोकात) अडकून तुटते. पिस्टनवरील बाण सायलेन्सरकडे. टायमिंगसाठी, म्हणजे ठिणगीची वेळ जुळवण्यासाठी, जुनी युक्ती अजून टिकून आहे : पॉइंटांच्या (उघडताना ठिणगी पाडणाऱ्या दोन टोकांच्या) फटीत सिगारेटचा पातळ कागद धरून मॅग्नेटोचे चाक हळूहळू फिरवतात, आणि ज्या क्षणी कागद सुटतो तो ठिणगीचा क्षण मानतात. त्या वेळी पिस्टन वरच्या टोकापासून किती मिलिमीटर खाली आहे, हे प्लगच्या भोकातून मोजतात. यापूर्वी पॉइंटांची फट सु. ०.४ मिमी. ठेवलेली असावी, नाहीतर सारे मोजमाप फुकट. पहिले काही दिवस पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल (टू-स्ट्रोक इंजिनाचे वंगण) थोडे जास्त घालून गाडी सावकाश चालवतात.

‘बॉबी’ (१९७३) चित्रपटामुळे गाजलेली राजदूत जीटीएस १७५ लहान चाकांची असली, तरी इंजिन याच घराण्यातील असल्याने वरील विवेचन तिलाही लागू पडते. टाकी व सीट मात्र निराळी, आणि ती मिळणे अवघड.

‘व्हिंटेज’ हा शब्द येथे सैल अर्थाने वापरला जातो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुन्या दुचाकीलाच तो दर्जा मिळतो व अशा गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे येतात. ऐंशीच्या दशकातील राजदूत या व्याख्येत अद्याप बसत नाही. तिची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवल्यास बदल आरसी पुस्तकात नोंदवावा लागतो आणि तेव्हा गाडीची ओळख चेसीच्या क्रमांकावरूनच पटते, म्हणून चेसी घासून रंगवताना तीवर कोरलेल्या क्रमांकाला हात लावत नाहीत.