क्रियापदाच्या आधी की वाक्याच्या शेवटी? इंग्रजी भूतकाळात क्रियाविशेषणाची जागा

‘ही फूलिशली आन्सर्ड द क्वेश्चन’ आणि ‘ही आन्सर्ड द क्वेश्चन फूलिशली’ ही दोन इंग्रजी वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. दोन्हींत तेच पाच शब्द आहेत, क्रियापद तेच, काळही तोच, म्हणजे साधा भूतकाळ. मराठीत आणताना आपण बहुधा दोन्हींसाठी ‘त्याने मूर्खासारखे उत्तर दिले’ असे एकच वाक्य लिहून मोकळे होतो आणि तिथेच अर्थ निसटतो, कारण ही दोन वाक्ये दोन निराळ्या गोष्टी सांगतात.

समजा, एका चौकशीत साक्षीदाराला त्याच्या वकिलाने बजावले आहे की या प्रश्नावर गप्प राहा. साक्षीदार तरीही बोलतो. त्याचे उत्तर मुद्देसूद आहे, भाषा स्वच्छ आहे, तपशीलही बिनचूक आहेत. अशा वेळी ‘ही फूलिशली आन्सर्ड द क्वेश्चन’ हे वाक्य तंतोतंत लागू पडते, कारण त्याचा अर्थ ‘उत्तर देण्याचा मूर्खपणा त्याने केला’ असा होतो. उत्तर कसे होते याविषयी हे वाक्य काहीच सांगत नाही. आता उलट प्रसंग घेऊ. उत्तर देणे साक्षीदाराला भागच होते, पण तो अडखळत, विसंगत आणि हास्यास्पद बोलला. त्या प्रसंगासाठी ‘ही आन्सर्ड द क्वेश्चन फूलिशली’ हे वाक्य हवे. येथे मूर्खपणा उत्तराच्या रीतीत आहे, उत्तर देण्याच्या निर्णयात नाही.

हा फरक समजून घेण्यासाठी साध्या भूतकाळाची घडण लक्षात घ्यावी लागते. होकारार्थी वाक्यात या काळाचे क्रियापद एकाच शब्दाचे असते आणि काळाची खूण त्याच शब्दात सामावलेली असते. त्यामुळे रीत सांगणाऱ्या क्रियाविशेषणाला मुख्यतः दोन जागा उरतात, एक कर्ता आणि क्रियापद यांच्या मधली व दुसरी कर्मानंतरची. मधल्या जागेवरून क्रियाविशेषण पुढच्या संपूर्ण कृतीकडे पाहते आणि ती करणाऱ्याविषयी बोलणाऱ्याचा अभिप्राय सांगते. शेवटच्या जागेवरून ते कृतीच्या आत शिरते आणि ती कशी पार पडली ते सांगते. मराठीत हे काम जागेवर सोपवलेले नसते. आपण वाक्याची रचनाच बदलतो, ‘शहाणपणा केला’, ‘औदार्य दाखवले’, ‘उद्धटपणा केला’ अशी नामे वापरतो. म्हणूनच इंग्रजी वाचताना शब्दाचा अर्थ कळतो, पण त्याच्या जागेचा अर्थ डोळ्यांखालून निघून जातो.

दोन्ही अर्थ देऊ शकणारी क्रियाविशेषणे मुख्यतः माणसाच्या वागण्याचे मोल ठरवणारी असतात: वाइजली, क्लेव्हरली, रूडली, केअरलेसली, जेनरसली. ‘शी रूडली लेफ्ट द मीटिंग’ म्हणजे बैठक सोडून जाणे हाच तिचा उद्धटपणा. ती अगदी शांतपणे, दार न आपटता गेलेली असू शकते. ‘शी लेफ्ट द मीटिंग रूडली’ म्हणजे तिची निघून जाण्याची तऱ्हा उद्धट होती. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. मधल्या जागेत संदर्भानुसार रीतीचा अर्थही येऊ शकतो. शेवटच्या जागेत, स्वल्पविराम नसताना, रीतीशिवाय दुसरा अर्थ सहसा निघत नाही. म्हणून रीतच सांगायची असेल तर शेवटची जागा अधिक भरवशाची. स्वल्पविराम दिला की चित्र पुन्हा पालटते: ‘ही आन्सर्ड द क्वेश्चन, फूलिशली’ असे लिहिल्यास शेवटी बसलेला शब्दही अभिप्रायच सांगतो. बोलताना हेच काम आवाजातील विराम करतो. संशय आला तर वाक्याला ‘कसे?’ असा प्रश्न विचारावा. क्रियाविशेषण त्याचे थेट उत्तर असेल तर ते रीतीचे आहे. उत्तर म्हणून ते विचित्र वाटले तर ते अभिप्रायाचे आहे.

सगळी क्रियाविशेषणे या नियमात बसत नाहीत. क्विकली आणि स्लोली यांची जागा बदलली तरी अर्थ फारसा हलत नाही. वेल, फास्ट आणि हार्ड हे रीतीचे शब्द अशा साध्या वाक्यात क्रियापदाआधी बसतच नाहीत. ‘शी वेल सँग’ हे इंग्रजी नव्हे, ‘शी सँग वेल’ हेच बरोबर. बॅडली या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे. ‘ही प्लेड बॅडली’ म्हणजे तो वाईट खेळला, पण ‘ही बॅडली नीडेड रेस्ट’ म्हणजे त्याला विश्रांतीची नितांत गरज होती. येथे वाईटपणाचा लवलेशही नाही, केवळ तीव्रता आहे. हार्ड आणि हार्डली यांची जोडी तर त्याहून फसवी, कारण ‘ही वर्क्ड हार्ड’ म्हणजे त्याने कसून काम केले आणि ‘ही हार्डली वर्क्ड’ म्हणजे त्याने जवळजवळ काहीच काम केले नाही. रूपाने इतके जवळचे आणि अर्थाने इतके उलट असे शब्द परीक्षेच्या पेपरात आणि कामाच्या पत्रात सारखेच घात करतात.

या दोन जागांखेरीज एक तिसरी जागा मराठी लेखणीला वारंवार मोहात पाडते, ती म्हणजे क्रियापद आणि कर्म यांच्या मधली. ‘त्याने हळूच दार उघडले’ आणि ‘त्याने दार हळूच उघडले’ ही दोन्ही मराठी वाक्ये सहज चालतात. क्रियापद शेवटी असल्यामुळे कर्म आणि क्रियापद यांच्या मध्ये शब्द आला तरी आपल्या कानाला काही खटकत नाही. हीच सवय इंग्रजीत नेली की ‘ही ओपन्ड स्लोली द डोअर’ असे वाक्य तयार होते आणि ते चुकीचे ठरते. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचे थेट कर्म सहसा एकमेकांना चिकटून राहतात. अपवाद आहे तो लांबलचक कर्माचा. ‘ही एक्झॅमिन्ड केअरफुली ऑल द पेपर्स दॅट द क्लार्क हॅड लेफ्ट ऑन द टेबल’ हे वाक्य चालते, कारण केअरफुली शेवटी नेले तर ते आपल्या क्रियापदापासून फार दूर पडते आणि कारकुनाने कागद काळजीपूर्वक ठेवले होते असा भलताच अर्थ होऊ लागतो.

भूतकाळात साहाय्यक क्रियापद आले की जागांचा हिशोब बदलतो. नकारात काळाची खूण मुख्य क्रियापदावरून डिड या शब्दावर जाते आणि नॉटच्या अलीकडची जागा वेगळी, पलीकडची वेगळी होते. ‘आय रिअली डिडन्ट लाइक इट’ म्हणजे मला ते मुळीच आवडले नाही. ‘आय डिडन्ट रिअली लाइक इट’ म्हणजे मला ते तितकेसे आवडले नाही. पहिल्यात रिअली नकाराला बळ देते, दुसऱ्यात नकारच रिअलीला कापतो. ‘शी डिलिबरेटली डिडन्ट लॉक द डोअर’ म्हणजे तिने मुद्दामच कुलूप लावले नाही. ‘शी डिडन्ट डिलिबरेटली लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लागले असेलही, पण ते तिने मुद्दाम लावले नव्हते. जबाबदारी कोणाची, हे ठरवणाऱ्या पत्रात किंवा जबाबात या दोन वाक्यांची अदलाबदल झाली तर मामला गंभीर होऊ शकतो.

कर्मणी रचनेत मात्र दोन अर्थ एकाच जागेवर येऊन बसतात. ‘द ऑफर वॉज वाइजली रिजेक्टेड’ यात वाइजली हा अभिप्राय आहे, तर ‘द रिपोर्ट वॉज केअरलेसली रिटन’ यात केअरलेसली ही रीत आहे, आणि दोन्ही शब्द वॉजच्या लगेच पुढे आहेत. येथे जागा मदत करत नाही, संदर्भ पाहावा लागतो. रीतच अभिप्रेत आहे हे निःसंदिग्ध करायचे असेल तर ‘द क्वेश्चन वॉज आन्सर्ड फूलिशली’ याप्रमाणे शब्द शेवटी न्यावा.

वाक्यात दोन क्रिया असल्या की आणखी एक पेच उभा राहतो. ‘शी प्रॉमिस्ड क्विकली टु रिटर्न द मनी’ यात लगबग वचन देण्याची की पैसे परत करण्याची, हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. वचन तत्परतेने दिले असेल तर ‘शी क्विकली प्रॉमिस्ड टु रिटर्न द मनी’ लिहावे; पैसे लवकर मिळणार असतील तर ‘शी प्रॉमिस्ड टु रिटर्न द मनी क्विकली’ लिहावे. ‘टु क्विकली रिटर्न’ अशी फोड पूर्वी अनेक शिक्षक चूक मानत आणि काही अजूनही मानतात, पण ती आजच्या इंग्रजीत रुळलेली आहे. जिथे दुसरी कोणतीही जागा अर्थ धूसर करते, तिथे ती बिनदिक्कत वापरावी असे माझे मत आहे.