पत्ता ४४ चा: वहिवाट आणि मालकी

आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्राचा पत्ता. त्याच्या जुन्या, रुळलेल्या रूपात ठिपक्यांनी जोडलेले चार आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ मधला. पहिला आकडा ४४ असा कायम ठेवला की उरलेल्या तिघांतून १,६७,७७,२१६ पत्ते निघतात. १९८१ साली ही अख्खी पेठ हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या नावावर लागली. हँक मॅग्नस्की या अमेरिकन हॅमने ती मागितली आणि मिळाली, तीही फुकट. पत्त्यांची वही तेव्हा जॉन पोस्टेल सांभाळत, आणि अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावर जेमतेम दोनशे संगणक होते. टंचाई कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

हॅमना पत्ते हवे होते पॅकेट रेडिओसाठी. संदेशाचे तुकडे पाडायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि अँटेनावरून सोडून द्यायचे. वेग सेकंदाला १२०० बिट. आजचा एक फोटो जायला तास उलटतील.

वाटपासाठी देशोदेशी स्वयंसेवक को-ऑर्डिनेटर नेमले गेले. प्रत्येकाकडे मोठ्या पेठेतली एखादी गल्ली. अर्जदाराकडे रेडिओचा परवाना आणि कॉल साइन, म्हणजे लहरींवरचं अधिकृत ओळखनाव, हवी. ती खरी आहे ना, हे को-ऑर्डिनेटर तपासतो. मग विचारतो, करणार काय? हॅमच्या लहरींवर धंदा चालत नाही, आणि बहुतेक देशांत सांकेतिक मजकूरही नाही. उत्तर पटलं तर गरजेपुरते पत्ते मिळतात. एकाच रेडिओसाठी एक पत्ता पुरतो. आपले पत्ते थेट जगाच्या इंटरनेटवर जाहीर करायचे तर मात्र किमान २५६ चा गट लागतो, कारण त्याहून लहान गटांच्या वाटा मोठे नेटवर्कवाले सहसा नोंदवतच नाहीत. ते झेपत नसेल तर बोगदा आहेच: ४४ चं पॅकेट नेहमीच्या पॅकेटात गुंडाळून पाठवायचं, पलीकडच्याने सोलून घ्यायचं. पाकिटात पाकीट.

बहुतेक पेठ ओसाडच राहिली, पण तीही कामाला आली. सॅन दिएगोच्या विद्यापीठातले संशोधक रिकाम्या पत्त्यांवर कान लावून बसले. जिथे कुणी राहतच नाही तिथे कडी वाजली तर वाजवणारा बहुधा चोरच! जुलै २००१ मध्ये ‘कोड रेड’ नावाच्या किड्याने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने, चौदा तासांत साडेतीन लाखांहून अधिक संगणक पोखरले. तो हिशेब मुख्यतः याच ओसाडीतून लागला.

हे पत्ते हॅमकडे वहिवाटीने असतात, सातबाऱ्यावर त्याचं नाव चढत नाही. २०१९ मध्ये हे लख्ख दिसलं. पेठेचा कारभार पाहणाऱ्या एआरडीसी या ना-नफा संस्थेने पाव हिस्सा, ४४.१९२ पासून पुढचा, अ‍ॅमेझॉनला दहा कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकला. त्या पैशातून आता रेडिओच्या प्रकल्पांना अनुदानं मिळतात, ते चांगलंच. पण न विचारता विकलं म्हणून पुष्कळ हॅम चिडले, आणि मला तो राग रास्त वाटतो.

म्हणून सर्व्हरच्या नोंदीत ४४ दिसला तर पुढचा आकडाही पाहावा. १९२ किंवा त्यावर असेल तर अ‍ॅमेझॉनचं एखादं यंत्र. १९१ पर्यंत असेल, तर पलीकडे कुणाच्या तरी गच्चीवर अँटेना असण्याची बरीच शक्यता.