लेनर्ड चेशर यांची शौर्यपदके

लेनर्ड चेशर (१९१७–१९९२) हे दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश हवाई दलाचे बॉम्बफेकी वैमानिक. व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक), तीन वेळा डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर (डीएसओ) आणि एकदा डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस (डीएफसी) अशी शौर्यपदके त्यांना मिळाली.

पहिला डीएसओ नोव्हेंबर १९४० मधील जर्मनीतल्या कोलोन शहरावरच्या रात्रीच्या मोहिमेसाठी. तोफेचा गोळा लागून त्यांच्या व्हिटली विमानातला प्रकाशबाँब आतच फुटला, कुशीला माणूस सहज बाहेर पडेल एवढे भगदाड पडले आणि बिनतारी यंत्र सांभाळणारा जवान गंभीर भाजला. सहकाऱ्यांनी आग विझवली. चेशर यांनी ते फाटके विमान इंग्लंडला परत आणले. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. इतक्या कनिष्ठ अधिकाऱ्याला हे पदक क्वचितच मिळे.

मार्च १९४१ मध्ये डीएफसी आणि पुढे १९४१ व १९४३ मध्ये डीएसओचे दोन ‘बार’ आले. एकच पदक पुन्हा मिळाले की नवे पदक देत नाहीत, फितीवर धातूची आडवी पट्टी चढवतात. तिलाच बार म्हणतात. रोजच्या गणवेशावर नुसती फीत असते, तेव्हा पट्टीऐवजी फुलाच्या आकाराची बारीक खूण लावतात. भारतातही ही प्रथा आहे: कॅनबेरा विमानांचे वैमानिक पद्मनाभ गौतम यांना १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही युद्धांत महावीरचक्र मिळाले.

व्हिक्टोरिया क्रॉस ८ सप्टेंबर १९४४ रोजी जाहीर झाला, आणि या पदकाच्या इतिहासात तो वेगळा उठून दिसतो. हा क्रॉस बहुधा एखाद्या प्रसंगातील पराक्रमासाठी देतात. चेशर यांना तो चार वर्षांच्या, शंभर मोहिमांच्या सातत्यासाठी मिळाला. एकदा जिवावर उदार होणे आणि बरोबरची माणसे परतत नाहीत हे पाहूनही पुन्हा पुन्हा विमानात चढणे, यांत दुसरे अधिक कठीण मानले पाहिजे. ब्रिटिश बॉम्बर कमांडचे ५५ हजारांहून अधिक जण या युद्धात मरण पावले. मानपत्रात एप्रिल १९४४ च्या म्यूनिक हल्ल्याचा खास उल्लेख आहे: मागून येणाऱ्या विमानांना लक्ष्य दिसावे म्हणून चेशर सुमारे सातशे फुटांपर्यंत खाली उतरले आणि खुणेच्या ज्योती टाकल्या.

जर्मनव्याप्त फ्रान्समधल्या लिमोझची मोहीमही सांगायलाच हवी. फेब्रुवारी १९४४ मध्ये तिथला विमान इंजिनांचा कारखाना उडवायचा होता. रात्रपाळीला फ्रेंच कामगार होते, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. त्यांना पळता यावे म्हणून चेशर छपरांवरून तीनदा अगदी कमी उंचीवर उडत गेले आणि चौथ्या फेरीत खुणा टाकल्या. शत्रूला सावध करण्याचा धोका त्यांनी जाणून पत्करला.

पदक स्वीकारायला राजवाड्यात त्यांच्यासोबत नॉर्मन जॅक्सन होते. जळत्या लँकेस्टर विमानाच्या पंखावर उतरून आग विझवू पाहणारे हे फ्लाइट इंजिनिअर हुद्द्याने बरेच खालचे. आपल्यापेक्षा जास्त धोका याने पत्करला, म्हणून आधी याला पदक द्यावे, अशी विनंती चेशर यांनी राजाला केली, असे जॅक्सन सांगत. शिष्टाचारापुढे राजाचाही इलाज चालला नाही.

नागासाकीवरील अणुबाँब त्यांनी निरीक्षक म्हणून पाहिला. १९४८ पासून ते असाध्य रुग्णांच्या आणि अपंगांच्या सेवेकडे वळले. १९५० च्या दशकात मुंबईत अंधेरीला त्यांचे भारतातील पहिले चेशर होम उभे राहिले. १९८१ मध्ये मिळालेला ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान शौर्यपदकांत मोडत नाही.