वर्गातला ‘सहभाग’ : एका शब्दाची आणि तो मोजणाऱ्या यंत्रांची पार्श्वभूमी

वर्ग रंगवायच्या नव्या युक्त्या आणि तंत्रज्ञान हा विषय निघाला की बोलणं लगेच ॲप, स्मार्ट बोर्ड, क्विझ यांच्याकडे वळतं. मुलं ‘एंगेज’ व्हायला हवीत, यावर कोणाचंच दुमत नसतं. वाद आहे तो या शब्दाच्या अर्थाचा. मराठीत आपण त्याला कधी सहभाग म्हणतो, कधी रस घेणं, कधी गुंतून जाणं. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. हात वर करणारा मुलगा सहभागी असतो, पण गुंतलेला असेलच असं नाही. शेवटच्या बाकावर वहीच्या कोपऱ्यात तीच आकृती खोडून पुन्हा काढणारी मुलगी पूर्ण गुंतलेली असते, पण तिच्या या गुंतण्याची नोंद कुठेच होत नाही.

शिक्षणाच्या संशोधनात हा शब्द रुळला तो साधारण १९८०च्या दशकात, शाळा अर्धवट सोडणाऱ्या मुलांच्या अभ्यासातून. पटावरून नाव कमी होण्याच्या कितीतरी आधी मूल मनाने शाळेबाहेर गेलेलं असतं, असं तेव्हा दिसून आलं. २००४ मध्ये तोवरच्या संशोधनाचा मोठा आढावा निघाला आणि त्यात या संकल्पनेचे तीन पदर मांडले गेले: वागणं, भावना आणि विचार. मोजायला सगळ्यात सोपा पहिला, कारण तो डोळ्यांना दिसतो. यंत्रालाही तोच दिसतो. पुढचा बहुतेक गोंधळ इथूनच सुरू झाला, असं मला वाटतं.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येईल. १९१३ मध्ये एका जगप्रसिद्ध अमेरिकी संशोधकाने चित्रपटांमुळे शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील असं भाकीत केलं. १९२०च्या दशकात उत्तरं तपासणारं यंत्र आलं, १९५०च्या दशकात एकेक पायरी शिकवत नेणारं ‘शिकवणारं यंत्र’, १९६० मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये संगणकावरचे धडे. १९६०च्या दशकात काही व्याख्यानगृहांत विद्यार्थ्यांना उत्तर नोंदवता यावं म्हणून खुर्च्यांना बटणं जोडली गेली. ती विद्यार्थ्यांना आवडली, पण गुण काही वाढले नाहीत.

तीस वर्षांनी जवळपास त्याच बटणांचा गाजावाजा झाला. तो का झाला, हे नीट समजून घ्यायला हवं.

बोस्टनजवळच्या एका नामांकित विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक विद्यार्थ्यांचे आवडते होते. १९९०च्या सुमारास त्यांनी वर्गाला साध्या भाषेतली, आकडेमोड नसलेली एक चाचणी दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहू, की मला मनातून जसं वाटतं त्याप्रमाणे? अवघड गणितं सोडवणाऱ्या मुलांच्या मनातल्या कल्पना जागच्या हलल्याच नव्हत्या.

१९९१पासून त्यांनी तास बदलला. उदाहरणार्थ, अवजड ट्रक आणि छोटी मोटार समोरासमोर धडकली. कोणाचा कोणावर जास्त बल? प्रत्येकाने आधी गप्प बसून एकट्याने उत्तर द्यायचं. बरेच जण ट्रकच्या बाजूने कौल देतात. शिक्षक बरोबर उत्तर सांगत नाही, फक्त म्हणतो, शेजाऱ्याला पटवून द्या. दोन मिनिटं वर्गात कल्लोळ. “अरे, पण मोटारीचाच चुराडा होतो ना!” “चुराडा होतो कारण तिचं वस्तुमान कमी. बल दोघांवर सारखंच.” मग पुन्हा मतदान, आणि त्यानंतर स्पष्टीकरण. पहिल्याच वर्षी समज वाढण्याचं प्रमाण आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट झालं.

सुरुवातीला या मतदानाला कुठलंही उपकरण नव्हतं. मुलं अक्षरं लिहिलेली कार्डं वर धरत. बटण दाबून उत्तर नोंदवायचं हातातलं छोटं उपकरण, म्हणजे क्लिकर, नंतर आलं, पण नाव झालं ते क्लिकरचं. अनेक संस्थांनी क्लिकर विकत घेतले, आणि शेजाऱ्याशी बोलायची ती दोन मिनिटं बऱ्याच ठिकाणी मागेच राहिली. २००८ मध्ये कॅनडातल्या एका कॉलेजमधली तुलना प्रसिद्ध झाली: एका वर्गात कार्डं, दुसऱ्यात क्लिकर, पद्धत तीच. शिकण्यात लक्षणीय फरक पडला नाही. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतल्या जनुकशास्त्राच्या वर्गांवरून दिसलं की गटात बरोबर उत्तर कोणालाच माहीत नसलं तरी चर्चेनंतर मुलांची समज वाढते. शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे दोन निष्कर्ष एकत्र वाचावेत असे आहेत.

याच्या जोडीला १९७०च्या दशकातलं एक निरीक्षण ठेवायला हवं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंद थांबले, तर उत्तरं अधिक सविस्तर होतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात. वर्गात ते तीन सेकंद किती लांब वाटतात, हे शिकवणाऱ्यालाच कळतं. एकही पैसा न लागणारी याहून सोपी युक्ती मला तरी माहीत नाही. २०१०च्या दशकात मोबाइलवरचे खेळरूपी क्विझ जगभर पसरले, आणि त्यांतल्या सगळ्यात लोकप्रिय प्रकारात गुण मिळतात ते लवकर उत्तर देण्याला. वर्ग दणाणून जातो हे खरं, पण विचार करायला थांबणारं मूल यादीत खाली जातं.

स्मार्ट बोर्डाचंही असंच झालं. २००३-०४ मध्ये लंडनच्या माध्यमिक शाळांमध्ये ते सरकारी खर्चाने मोठ्या प्रमाणावर बसवले गेले. २००७च्या मूल्यमापनात गुणांवर ठळक परिणाम आढळला नाही. उलट काही वर्गांत एकेक मूल फळ्यापाशी येऊन बोट लावेपर्यंत बाकीचे ताटकळत बसत, आणि तरी ते ‘सहभाग’ म्हणूनच धरलं जाई.

व्हिडिओ घरी बघून वर्गात सराव करण्याची पद्धत २००७च्या सुमारास पुढे आली. २०२०च्या टाळेबंदीत कॅमेरा चालू ठेवणं हाच अनेक ठिकाणी सहभागाचा पुरावा ठरला.

२०१९ मधल्या दोन घटना मात्र शेजारी ठेवण्यासारख्या आहेत. त्या वर्षी भौतिकशास्त्राच्याच एका प्रयोगात उत्तम व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं. स्वतः झगडून प्रश्न सोडवणाऱ्यांना कमी शिकलो असं वाटलं, पण चाचणीत तेच पुढे होते. त्याच वर्षी चीनच्या झेजियांग प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळावर मेंदूच्या लहरी टिपणारे पट्टे बांधलेले जगाने पाहिले. लक्ष असलं की लाल दिवा, नसलं की निळा. टीकेचा भडिमार झाल्यावर स्थानिक शिक्षण विभागाने पट्टे काढायला लावले.