ड्राइव्ह सुरू होतानाच का अडतो?

सप्लाय दिला, पण व्हीएफडीचा (फ्रिक्वेन्सी बदलून एसी मोटरचा वेग राखणाऱ्या ड्राइव्हचा) डिस्प्ले उजळलाच नाही, किंवा उजळून रन देताच ‘अंडरव्होल्टेज’ दाखवून ट्रिप झाला, की पहिला संशय पॅरामीटरवर किंवा मोटरवर जातो. बिघाड मात्र बहुतेक वेळा ड्राइव्हच्या सुरुवातीच्या टप्प्यात, म्हणजे एसीचे डीसी होऊन डीसी बस (आतली डीसी व्होल्टेजची लाइन) उभी राहते तिथे असतो.

पूर्वी असे नव्हते. 1891 मध्ये हॅरी वॉर्ड लिओनार्ड यांनी मांडलेल्या पद्धतीत मोटर-जनरेटर संचातील जनरेटरचे फील्ड (चुंबकीय क्षेत्र) बदलून डीसी मोटरचा वेग राखला जाई. तिथे एक्सायटरचे (फील्डला प्रवाह देणाऱ्या छोट्या जनरेटरचे) अवशिष्ट चुंबकत्व गेले, तर व्होल्टेजच तयार होत नसे. मग बॅटरीने फील्डला क्षणभर प्रवाह द्यावा लागे. 1957 मध्ये जनरल इलेक्ट्रिकने थायरिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणला आणि 1960 च्या दशकात थायरिस्टरचे डीसी ड्राइव्ह आले. फ्यूज, फेज सिक्वेन्स, फील्ड सप्लाय एवढे तपासले की शोध बराचसा संपे.

1968 मध्ये डॅनफॉसने व्हीएलटी 5 हा ड्राइव्ह मोठ्या प्रमाणावर बाजारात आणला. एसीचे डीसी, आणि डीसीचे हव्या त्या फ्रिक्वेन्सीचे एसी, ही रचना पुढे सर्वत्र रुळली. मधल्या डीसी बसवर मोठे कॅपॅसिटर आले आणि त्यांच्याबरोबर नवी अडचणही आली. 415 व्होल्टच्या पुरवठ्यावर बस सुमारे 587 व्होल्टपर्यंत चढते, पण रिकामा कॅपॅसिटर पहिल्या क्षणी जवळजवळ शॉर्टसारखा वागतो. म्हणून आधी प्रीचार्ज रेझिस्टरमधून सावकाश चार्जिंग, मग रिलेने किंवा कॉन्टॅक्टरने रेझिस्टर बायपास. (मोठ्या ड्राइव्हमध्ये हेच काम थायरिस्टर करतात.)

रेझिस्टर तुटला तर बस उभीच राहत नाही. रिलेचा कॉन्टॅक्ट लागला नाही, तर प्रकरण जास्त फसवे असते: मोटर थांबलेली असताना बस पूर्ण दिसते, लोड येताच कोसळते. जळालेला रेझिस्टर नुसता बदलणे मला धोक्याचे वाटते. आधी बसवरचे कॅपॅसिटर आणि आयजीबीटी (डीसीचे एसी करणारे ट्रान्झिस्टर) शॉर्ट नाहीत ना, ते पाहायलाच हवे.

दुसरा मोठा बदल कंट्रोल सप्लायचा, म्हणजे डिस्प्ले आणि कंट्रोल सर्किटला लागणाऱ्या पुरवठ्याचा. तो पूर्वी अनेक ड्राइव्हमध्ये वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवरून येई. नंतर डीसी बसवरच चालणारा एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय) रूढ झाला. त्यामुळे डिस्प्ले बंद असला तरी दोष एसएमपीएसचाच, असे म्हणता येत नाही. बस आधी मोजावी. बाहेरून 24 व्होल्ट देण्याची सोय असेल, तर पॉवर आणि कंट्रोल हे दोन्ही भाग वेगळे तपासता येतात. एसएमपीएसचा स्टार्टअप रेझिस्टर फक्त सुरुवातीलाच लागतो, पुढे ट्रान्सफॉर्मरची सहायक वाइंडिंग एसएमपीएसच्या कंट्रोल आयसीला पोसते. म्हणूनच वर्षानुवर्षे विनातक्रार चाललेला ड्राइव्ह कधी कधी शटडाउननंतर उठत नाही; या रेझिस्टरचा दोष आधीच झालेला असतो, फक्त उघड तेव्हा होतो.

स्टोअरमध्ये दीर्घकाळ पडून राहिलेल्या ड्राइव्हची गोष्ट वेगळी. इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरचा ऑक्साइड थर कमकुवत होतो आणि एकदम पूर्ण व्होल्टेज दिले तर गळती प्रवाह वाढून कॅपॅसिटर फुटू शकतो. तिथे उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे व्होल्टेज टप्प्याटप्प्याने चढवून कॅपॅसिटर रिफॉर्म करावे (ऑक्साइड थर पुन्हा घडवावा) लागतात.