जुन्या जीपचं कूळ : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

जुनी महिंद्रा जीप रिस्टोअर करायला आणणाऱ्या ग्राहकांची पहिली मागणी बहुतेक वेळा ठरलेली असते : जाळी बदला आणि ते उंच बॉनेट खाली घ्या. काम द्यायच्या आधी एवढं वाचा, मग ठरवा.

1940 साली अमेरिकी लष्कराला टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी हवी होती, तीही तातडीने. पेनसिल्व्हेनियातल्या बॅन्टम या छोट्या कंपनीने 49 दिवसांत नमुना उभा केला. आराखडा कार्ल प्रॉब्स्ट यांचा. पण एवढ्या लहान कारखान्याला युद्धाची मागणी झेपणार नाही म्हणून लष्कराने तो आराखडा विलिज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांनाही दाखवला. मोठी ऑर्डर विलिजला मिळाली, कारण त्यांचं 2.2 लिटरचं, 60 अश्वशक्तीचं इंजिन सगळ्यांत दमदार होतं. पत्र्यातून ठोकून काढलेली उभ्या फटींची जाळी मात्र फोर्डची. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. बॅन्टमला त्यातलं फारच थोडं मिळालं. आमच्या मते हा त्यांच्यावर अन्यायच झाला.

1947 साली महिंद्रांनी विलिजची जीप भारतात आणली आणि मुंबईत जोडणी सुरू झाली. पुढे आपल्याकडे रुजलं ते विलिजचं सीजे-3बी हे मॉडेल. त्याच्या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपा) वर, हेडमध्ये म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात गेले, इंजिन उंच झालं आणि त्यासाठी बॉनेट उचलावं लागलं. म्हणजे मूळ पेट्रोल इंजिन शाबूत असेल तर बॉनेट खाली बसणारच नाही. अमेरिकेत हे मॉडेल 1968 साली बंद झालं, आपल्याकडे त्यानंतरही बनत राहिलं. सरकारी खात्यांच्या जीपपासून वडापच्या कमांडरपर्यंत सगळं याच कुळातलं.

जीप हा ब्रँड पुढे कैसर, एएमसी, क्रायसलर असा हात बदलत गेला. 2017 पासून रांजणगावला कंपास बनते ती त्याच ब्रँडची. महिंद्राची वाट वेगळी, ती 2010 साली थारपर्यंत आली. त्यामुळे कंपासचे पार्ट तुमच्या जुन्या जीपला चालत नाहीत.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. गिअरशेजारचे दोन छोटे दांडे युद्धातल्या गाडीपासून तसेच आलेत : एक पुढचा अ‍ॅक्सल जोडतो, दुसरा हाय-लो (नेहमीचा वेग की कमी वेग-जास्त जोर) बदलतो. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल यांच्या मधे डिफरन्शियल (दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) नाही, त्यामुळे पुढचा जोडला की दोन्ही एकाच वेगाने फिरतात. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात. चिखलात, वाळूत चाक थोडं घसरून तो फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरवर येतो. स्टिअरिंग जड होतं, दांडा सुटत नाही. म्हणून डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावू नका. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले ठेवा. लो लावायचा तर गाडी थांबवूनच.

गाडी आणताना आरसी सोबत घ्या. चासी नंबर पाहून मॉडेल नक्की करतो, मगच अंदाजपत्रक देतो. काढलेला प्रत्येक मूळ पार्ट तुम्हाला परत मिळेल. तो भंगारात देऊ नका, जपून ठेवा, कारण तसा पार्ट आता सहज मिळत नाही.