पाळी गेल्यावर दिसलेला डाग ‘राहिलेली पाळी’ नसतो

‘पाळी गेल्यावर वर्षा-दोन वर्षांनी अंगावरून लाल गेलं तर ती राहिलेली पाळी किंवा उष्णता, आपोआप थांबते,’ असा जुना समज आहे. पाळी जाताना मागेपुढे होतेच, म्हणून तो पटतो. पण सलग 12 महिने आली नाही की ती गेली. शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्यानंतरचा नुसता तपकिरी डागही स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावा, थांबला असला तरी. बहुतेकींना कारण साधं निघतं: योनीची कोरडी, पातळ झालेली त्वचा किंवा पॉलिप, म्हणजे गर्भाशयातली बहुधा साधी, छोटी वाढ. दहांतल्या साधारण एकीला मात्र गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असतो. लवकर सापडला तर तो बहुधा बरा होतो. योनीमार्गे सोनोग्राफीत अस्तर 4 मिलिमीटरपेक्षा जाड दिसलं, किंवा डाग पुन्हा पडला, तर अस्तराचा तुकडा तपासतात.